व्याह्यांसमोर न सांगितलेला आकडा : साडीच्या दुकानातील एका बस्त्याचे प्रकरण

पुण्यातील लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात असलेल्या एका साडीच्या दुकानात, तुळशीच्या लग्नानंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी जे घडले, त्याची ही नोंद आहे. मी त्या दुकानात विक्रेती म्हणून काम करते. ज्या गादीवर हा प्रसंग घडला तिच्या शेजारच्या गादीवर मी त्या वेळी बसले होते आणि शेवटच्या टप्प्यात मलाच त्या गादीवर जावे लागले. दुकानाचे नाव आणि त्या कुटुंबांची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही.

गिऱ्हाइकाने दुकानात कसे वागावे, या विषयावर सहसा गोड बोलणे, रांग न मोडणे, आभार मानणे अशा गोष्टी सांगितल्या जातात. त्या महत्त्वाच्या आहेतच. मात्र साडीच्या गादीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाला विचारले, तर तो त्याच्या आधीची एक गोष्ट सांगेल : आपण काय घ्यायला आलो आहोत, साधारण किती किमतीपर्यंतचे हवे आहे आणि हातात किती वेळ आहे, हे विक्रेत्याला कळू द्यावे. त्या संध्याकाळी नेमके तेवढेच कळले नाही.

गादीवरचे काम

ज्यांनी फक्त गिऱ्हाईक म्हणून गादी पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पांढरी चादर घातलेल्या गादीवर विक्रेता बसतो, समोर गिऱ्हाईक बसते, आणि विक्रेत्याच्या मागे रॅकजवळ एक मदतनीस उभा असतो. विक्रेता मागणी ऐकून मदतनिसाला गठ्ठा सांगतो, मदतनीस तो काढून देतो, विक्रेता साडीची घडी मोडून पदर, काठ आणि अंगावरचे काम दाखवतो. मोडलेल्या साड्या बाजूला साचत जातात आणि गर्दी ओसरली की त्यांच्या पुन्हा घड्या घातल्या जातात. साधी सुती किंवा सिंथेटिक साडी पटकन आवरते, पण भरजरी रेशमी साडीला दोन माणसे लागतात. घडी चुकीच्या ठिकाणी बसली तर कापडाला चूण पडते, जरीचा धागा दुमडून मोडतो, आणि तीच साडी पुढच्या गिऱ्हाइकासमोर उघडली की ‘जुना माल आहे का?’ असा प्रश्न येतो.

म्हणून साड्या उघडायला लावणे हा गिऱ्हाइकाचा अपराध आहे, असे आम्ही मुळीच मानत नाही. साडी उघडल्याशिवाय कळत नाही; पन्नास पाहून एकही न घेता उठण्याचा अधिकार प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे, आणि पन्नास साड्या दाखवण्यासाठीच आम्हाला पगार मिळतो. त्रास होतो तो निरुपयोगी उघडण्याचा, म्हणजे जी साडी घेतली जाणारच नाही हे समोरच्या माणसांपैकी कुणाला तरी पहिल्यापासून ठाऊक असते, पण दाखवणाऱ्याला ठाऊक नसते, त्या साडीचा.

प्रसंग

दुकानाचे शटर साडेनऊला खाली येते. सव्वाआठच्या सुमारास दोन कुटुंबे मिळून अकरा माणसे वर आली. त्यांत दोन लहान मुले होती. बस्ता बांधायचा होता. नवरीचा शालू वरपक्षाकडून, वरमाईची साडी वधूपक्षाकडून, आणि मानपानाच्या पंचवीस-तीस साड्या दोन्ही घरच्या यादीप्रमाणे, असा तो बेत होता. गादीवर आमच्या दुकानातील सर्वांत जुने विक्रेते होते. वयाने पन्नाशी ओलांडलेले असल्यामुळे दुकानात सगळे त्यांना काका म्हणतात. दुपारपासून त्यांच्या गादीवर सलग गिऱ्हाईक होते आणि संध्याकाळचा चहाही त्यांनी बसल्या जागीच घेतला होता.

काकांनी रीतीप्रमाणे विचारले, “शालू साधारण कितीपर्यंतचा दाखवू?” उत्तर वधूच्या मामांनी दिले : “आधी दाखवा तर खरं, भावाचं मागाहून बघू.” वरपक्षाकडून कुणी काही बोलले नाही. काकांनी मधल्या किमतीपासून सुरुवात केली. ‘यापेक्षा चांगलं’ अशी मागणी आली तेव्हा ते बनारसीवर गेले, तिथून कांजीवरमवर आणि शेवटी हातमागाच्या पैठणीवर. प्रत्येक साडीला कौतुक होत होते, एकमेकांच्या खांद्यावर टाकून पाहणे होत होते, फोटो काढून गावाकडच्या आत्याला पाठवणे होत होते, आणि तिचे उत्तर येईपर्यंत पुढची साडी उघडली जात होती. ‘ही नको’ असे मात्र एकदाही स्पष्टपणे कुणी म्हणत नव्हते. ‘बाजूला ठेवा’ एवढेच सांगितले जात होते, आणि बाजूला ठेवलेल्या साड्यांचा ढीग वाढत होता.

नऊच्या आसपास ताण दिसू लागला. मुलांपैकी एकाच्या हातात चिवड्याचे पाकीट होते आणि तोच तेलकट हात एका मोतिया रंगाच्या शालूच्या पदराकडे गेला. काकांनी घाईने साडी ओढून घेतली. मुलाच्या आईला ते आवडले नाही. पाठोपाठ आत्याचा निरोप आला, की अशीच पैठणी तिला मोबाइलवर एक-चतुर्थांश किमतीत दिसते आहे. मामांनी तो फोटो काकांसमोर धरून विचारले, “हा काय प्रकार आहे?” काकांनी समोरची पैठणी उलटी करून पदराची मागची बाजू दाखवली. हातमागावर विणलेल्या पैठणीत पदरावरची नक्षी आणि काठ मागून-पुढून जवळजवळ सारखेच दिसतात. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे सुटे धागे असतात किंवा ते कापल्याच्या खुणा असतात. काकांनी रेशमाच्या शुद्धतेचे सिल्क मार्कचे लेबलही दाखवले. फोटोतील साडी सेमी असावी, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि तशी हवी असल्यास तीही दुकानात आहे, असेही म्हटले.

मला त्या क्षणी तरी असे वाटले, की प्रकरण येथेच मिटायला हवे होते. माहिती खरी होती, पर्याय समोर ठेवला होता. पण अकरा माणसांसमोर, त्यातही व्याह्यांसमोर, आपल्याला कापडातले कळत नाही असे दिसणे मामांना सहन झाले नाही. “आम्हाला शिकवू नकोस. ए, ती तिकडची हिरवी काढ,” असे ते म्हणाले. काकांनी हातातली साडी खाली ठेवली आणि म्हणाले, “साहेब, माल नापसंत करा, काही हरकत नाही. पण मला ‘ए’ म्हणू नका.”

यावर आवाज चढला, ‘मालकाला बोलवा’ झाले, आणि मजल्याचे व्यवस्थापक आले. त्यांनी कुणाचेही काही ऐकून घेण्याआधी काकांना माफी मागायला सांगितले. काकांनी ‘चुकलं असेल तर माफ करा’ म्हटले आणि ते गादीवरून उठून खाली गेले. व्यवस्थापकांनी मला त्यांच्या जागी बसवले.

मी बसले त्याच वेळी नवरदेवाची थोरली बहीण पाणी पिण्याच्या निमित्ताने उठली, रॅकजवळ उभ्या असलेल्या आमच्या मदतनीस मुलीपाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “शालू वीस हजारांच्या आत बघायचाय. मानपानाच्या सातशे-आठशेच्या. आईला सगळ्यांसमोर बोलता येत नाहीये.” मुलीने गठ्ठा देताना ते माझ्या कानावर घातले. मी बाजूला ठेवलेल्या ढिगातून त्या किमतीतले तीन शालू वर काढले, बाकीचा ढीग मागे सरकवला, आणि नवरीलाच विचारले की या तिघांपैकी कुठला रंग तिला आवडतो. तिने डाळिंबी निवडला. मानपानाच्या साड्या एकाच किमतीच्या दोन गठ्ठ्यांतून रंगांवर वाटून झाल्या. सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपले. त्याआधीचा जवळजवळ तासभर, सत्तरच्या आसपास उघडलेल्या साड्या आणि एका माणसाचा अपमान, हे सगळे त्या एका आकड्यावाचून झाले होते.

आकडा का सांगितला गेला नाही

या प्रश्नावर थांबणे मला सर्वांत आवश्यक वाटते, कारण ‘गिऱ्हाईक उद्धट होते’ असे म्हणून प्रकरण बंद केले तर त्यातून कुणालाच काही मिळत नाही.

बस्त्याच्या वेळी किंमत ही केवळ किंमत राहत नाही. शालू वरपक्षाने घ्यायचा असेल तर कमी आकडा उच्चारल्याने त्यांची पत जाते, आणि वधूपक्षाने जास्त आकडा सुचवला तर त्यांनी मागणी केली असे होते. मामांचे ‘भावाचं मागाहून बघू’ हे उत्तर त्यांच्या बाजूने वाईट हेतूचे नव्हते. पैसे समोरच्यांचे होते, म्हणून आकडा सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हताच. ज्यांना अधिकार होता त्या वरमाई गप्प होत्या, कारण समोर विहीणबाई होत्या. हा पेच विक्रेत्याला ओळखता येतो, पण सोडवता येत नाही. घरातील एका माणसाने सर्वांच्या आधी दोन मिनिटे दुकानात येऊन, किंवा त्या बहिणीने केले तसे बाजूला होऊन, विक्रेत्याच्या कानावर मर्यादा घातली, तर कुणाचीही पत न जाता काम होते. अनुभवी विक्रेता तो आकडा पुन्हा उच्चारत नाही. तो फक्त त्याच्या आतले गठ्ठे मागवतो. मी बस्त्याला येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला आता हेच सांगते.

दुसरे कारण आमच्या बाजूचे आहे आणि तेही तितकेच खरे आहे. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटते की आकडा सांगितला तर विक्रेता त्याच्या वरचेच दाखवत राहील, किंवा आकडा लहान असेल तर त्याचा उत्साह मावळेल. ही भीती निराधार नाही. गिऱ्हाइकाच्या चपलांवरून, पिशवीवरून, बोलण्यावरून अंदाज बांधण्याची सवय या व्यवसायात खोलवर आहे. बहुतेक मोठ्या दुकानांत विक्रीवर इन्सेंटिव्ह असतो, त्यामुळे महाग साडीकडे हात आपोआप जातो. ज्या दुकानाला गिऱ्हाइकाने मोकळेपणाने मर्यादा सांगावी असे वाटते, त्याने आठशेच्या साडीलाही गादीवर तोच मान द्यायला हवा. शिष्टाचाराची अपेक्षा एका बाजूकडून करता येत नाही.

एकेरीचा प्रश्न मात्र मी या दोन कारणांत मिसळणार नाही. किंमत न सांगण्यामागे संकोच असू शकतो. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला ‘ए’ म्हणण्यामागे असा कोणताही संकोच नसतो. बाजारात भाजीवाल्या मावशींना ‘मावशी’ आणि रिक्षाचालकाला ‘दादा’ म्हणणारा माणूस गादीसमोर बसला की एकेरीवर का येतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे झाले आहे, की पांढऱ्या चादरीवर गुडघे दुमडून बसलेला, दर वेळी उठून-वाकून साडी पसरणारा माणूस पाहणाऱ्याला नकळत चाकर वाटू लागतो. काकांनी जे सांगितले ते उद्धटपणाचे नव्हते. त्यांनी माल नापसंत करण्याचा गिऱ्हाइकाचा अधिकार त्याच वाक्यात मान्य केला होता.

मुलाच्या तेलकट हाताबद्दलही थोडे. रेशमावरचा तेलाचा डाग धुऊन विकता येत नाही. ती साडी सवलतीच्या ढिगात जाते. काही ठिकाणी अशा नुकसानीची रक्कम विक्रेत्याच्या पगारातून कापण्याची पद्धत असते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानेही अशी कपात कामगाराच्या स्वतःच्या हयगयीपुरती आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतरच मान्य केली होती, पण गादीवर काम करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? काकांनी साडी ओढून घेतली ती मुलाच्या रागाने नाही. तो डाग कुणाच्या नावावर लागेल याचा विचार त्यांच्या हाताने त्यांच्या आधी केला होता. आईने मुलाला पाच मिनिटे बाहेर नेऊन खाऊ संपवू दिला असता, तर हा ताण निर्माणच झाला नसता.

वेळेचा हिशेब

ते कुटुंब पावणेदहाच्या सुमारास खाली उतरले. ‘उशीर झाला तुम्हाला’ असे त्या बहिणीने जाताना म्हटले, आणि ते आम्हा सर्वांना बरे वाटले. त्यानंतर दोघा मदतनिसांनी आणि मी घड्या घालायला सुरुवात केली. गादी रिकामी व्हायला अकरा वाजत आले. रॅकजवळ दिवसभर उभी असलेली मुलगी हडपसरला राहते. रात्री उशिराच्या बसची वाट पाहणे म्हणजे काय, हे एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलींना सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ साली जो कायदा झाला, त्यात कामाचे दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन, अशी तरतूद करण्यात आली. त्याच कायद्याने दुकाने वर्षभर उघडी ठेवण्याची मुभाही दिली. मुभेचा उपयोग ताबडतोब झाला. विश्रांतीचे कलम मात्र लग्नसराईत कागदावरच राहते. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. पण सव्वाआठला बस्ता बांधायला बसणाऱ्या अकरा जणांना, शटर साडेनऊला पडले तरी दुकानातला दिवस तिथे संपत नाही, एवढे माहीत असायला हवे.

उभे राहण्याबद्दल केरळचे उदाहरण मला नेहमी आठवते. कोळिक्कोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतील विक्रेत्या स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने संघटित होऊन कामाच्या वेळात बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही दुकानांतील कामगारांसाठी आसनव्यवस्था सक्तीची केली. आमच्याकडे गादीवरचा विक्रेता निदान बसलेला तरी असतो. रॅकजवळची मुलगी आणि काउंटरमागची मुलगी यांना दिवसभर उभे राहावे लागते. मदतनीस स्टुलावर टेकलेली दिसली की ‘इथे कुणी लक्ष देतंय का?’ असे विचारणारी गिऱ्हाइके आहेत. स्टूल मागवायला मालक तयार झाले, तरी या एका वाक्याच्या भीतीने ते कोपऱ्यातच राहते.

पुढे काय झाले

पंधरवड्याने वधूची आई एकटीच आली. मंगळवारची दुपार होती. येण्याआधी तिने फोन करून कोणत्या वेळी गर्दी कमी असते, असे विचारले होते. मानपानाच्या दोन साड्या बदलायच्या होत्या. एका साडीत पदराजवळ विणीचा दोष निघाला होता. दुसरीचा रंग नणंदेला आवडला नव्हता, आणि तिला फॉल-पिको करून झाले होते. तिच्याजवळ बिल होते. सदोष साडी आम्ही तत्काळ बदलून दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी ३० दिवस धरले जातात. दुसरी साडी आम्ही बदलू शकलो नाही. फॉल लागलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही, आणि आवड बदलणे हा मालातील दोष नव्हे. तिने दोन्ही गोष्टी ऐकल्या, नापसंत साडी पिशवीत ठेवली आणि काकांची चौकशी केली. काका त्या दिवशी सुट्टीवर होते. भावाच्या बोलण्याबद्दल ती काहीच म्हणाली नाही आणि मीही विषय काढला नाही. पण काकांना निरोप द्या, असे तिने सांगितले.

दुकानात त्या शनिवारनंतर काही बदल झाले. बस्त्याचे मोठे गिऱ्हाईक साडेसातनंतर आले तर त्याला आधी वेळेची कल्पना दिली जाते आणि हवे असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळची गादी राखून ठेवली जाते. बस्त्यासाठी आलेल्या कुटुंबातील एका व्यक्तीला खालच्या मजल्यावर बाजूला घेऊन, साड्यांची संख्या आणि किमतीची मर्यादा एका चिठ्ठीवर लिहून घेण्याची पद्धत आम्ही सुरू केली. ती चिठ्ठी फक्त विक्रेत्याकडे जाते. लोक ती आनंदाने लिहून देतात, असा आमचा अनुभव आहे. तक्रार आली तर व्यवस्थापकांनी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय माफी मागायला लावू नये, ही मागणीही आम्ही मांडली. मालकांनी ती तोंडी मान्य केली आहे.

इन्सेंटिव्हचा प्रश्न मात्र तसाच आहे. त्या रात्रीचे बिल माझ्या क्रमांकावर फाडले गेले, कारण शेवटी गादीवर मी होते. तासभर साड्या दाखवणाऱ्या काकांच्या नावावर त्यातले काहीच गेले नाही. ती रक्कम त्यांच्या खात्यात वळवावी, असे मी लेखी दिले. महिना बंद झाल्याचे कारण सांगून कार्यालयाने ते परत पाठवले. आता बिलावर दोन विक्रेत्यांचे क्रमांक घालण्याची सोय झाली आहे, पण ती त्या तारखेपासून मागे लागू केलेली नाही, आणि माझा अर्ज पुन्हा मालकांच्या टेबलावर आहे.